‘दोघांना सारखंच वाढवलं’, तरी फरक का पडतो?

मुलांचा आत्मसन्मान घडण्यात घराचा वाटा किती आणि मुलगा किंवा मुलगी असण्याचा किती, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची, मुलगा 12 चा. दोघांत कधी डावं-उजवं केलं नाही. तरी गेल्या दीड वर्षापासून मुलगी सारखी म्हणते, ‘मला काही जमत नाही’, ‘मी कशीतरीच दिसते’. मुलाला मात्र आपल्याला सगळं येतं असं वाटतं, येत नसलं तरी! आमचं कुठे चुकलं?

चुकलंच असेल असं नाही. पण ‘डावं-उजवं केलं नाही’ हे एकदा तपासून बघा. खाऊ, कपडे, क्लासची फी यांत समानता राखता येते. फरक होतो तो बोलण्यात, आणि तो बोलणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

मुळात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक लोक समजतात तेवढा मोठा नाही. क्रिस्टन क्लिंग, जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी 1999 साली तोवरच्या संशोधनाचे आकडे एकत्र करून पाहिले. मुलग्यांचा आत्मसन्मान सरासरीने थोडा जास्त निघाला : प्रमाण विचलनाच्या (माणसामाणसांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, त्याच्या मापाच्या) 0.21 पट. हा फरक सर्वाधिक होता 15 ते 18 या वयात, तिथे तो 0.33 भरला. तुमची मुलगी नेमकी त्या वयाच्या तोंडाशी आहे. पुढे 2009 साली ब्रिटनी जेंटाइल आणि सहकाऱ्यांनी क्षेत्रवार पाहणी केली, ती जास्त कामाची. दिसणं आणि खेळ यांबाबत मुलगे स्वतःला वरचे गुण देतात. वागणूक आणि नीतिमत्ता यांबाबत मुली देतात. अभ्यास, मित्रमैत्रिणींतलं स्थान आणि घरातलं स्थान यांत सांगण्याजोगा फरक नव्हता.

म्हणून ‘मुलीचा आत्मविश्वास वाढवा’ हा सल्ला मोघम आहे. तुमच्या मुलीच्या दोन वाक्यांत दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

आधी ‘कशीतरीच दिसते’ घेऊ. सुसान हार्टर यांनी वर्षानुवर्षं मुलांच्या स्वप्रतिमेचा अभ्यास केला. स्वतःबद्दलच्या एकूण मताशी सर्वांत घट्ट संबंध त्यांना दिसला तो आपण कसे दिसतो या मताचा, अभ्यासाचा किंवा खेळाचा नव्हे. मुलींचं शरीर सरासरीने मुलग्यांच्या एक-दोन वर्षं आधी बदलू लागतं, त्यामुळे वर्गात एकदम नजरेत भरण्याचा ताणही आधी वाट्याला येतो. घरात करण्यासारखं असं : वजनाबद्दलचं बोलणं पूर्ण बंद. तिच्या तर नाहीच, पण स्वतःच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वजनाबद्दलही नाही. आई रोज आरशासमोर ‘किती सुटलेय मी’ म्हणत असेल, तर मुलीला वेगळं काही शिकवावं लागत नाही. दुसरं, खेळ किंवा व्यायाम सुटू देऊ नका. या वयात मुली मैदान सोडतात त्याची कारणं बऱ्याचदा साधी असतात : गणवेश तोकडा वाटतो, पाळीच्या दिवसांत काय करायचं ठाऊक नसतं, कपडे बदलायला आडोसा नसतो. तिला हे थेट विचारा. यातली बहुतेक कारणं आठवडाभरात दूर करता येतात.

आता ‘जमत नाही’. कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी 1978 साली वर्गांत बसून शिक्षकांच्या शेऱ्यांची नोंद केली. मुलग्यांना बोलणी बसत ती बरीचशी दंगा, गबाळेपणा, लक्ष नसणं यांवरून. मुलींना चुकीबद्दल जे बोललं जाई ते जवळजवळ सगळं उत्तराच्या दर्जाबद्दल. याचा परिणाम असा होतो की ‘मी लक्ष दिलं नाही’ ही पळवाट मुलग्याकडे उरते, मुलीकडे उरतो ‘मला येत नाही’ हा निष्कर्ष. घरातही असं घडू शकतं.

तुमच्या घरात काय घडतं हे सात दिवसांत कळेल. वहीच्या पानावर चार रकाने आखा : कोणाला, कोण बोललं, कशाबद्दल (दिसणं, वागणं, काम किंवा कौशल्य, मत) आणि नेमके शब्द. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटांत दिवसभरातलं आठवेल तेवढं लिहा. कौतुक आणि बोलणी वेगवेगळ्या शाईने लिहा. मुलांना सांगू नका, नाहीतर सगळेच शहाण्यासारखे वागतील. आठवड्याने बेरीज केली की चित्र दिसतं. बहुतेक घरांत मुलीचं कौतुक ‘छान दिसतेस’ आणि ‘किती समजूतदार’ या दोन प्रकारांत गोळा झालेलं असतं आणि मुलाचं ‘हे कसं केलंस रे!’ या प्रकारात. वहीत एक गोष्ट आणखी टिपा : मागितल्याशिवाय मदत कोणाला मिळते? मुलीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर ‘दे, मी करतो’ म्हणून काढून घेतला जातो, मुलाला खटपट करू दिली जाते. मदतीच्या हेतूनेच होतं हे, पण तिला कळतं ते एवढंच की हे काम आपल्याला झेपणार नाही असं घरच्यांना वाटतं.

यानंतर पालकांकडून होणारी हमखास चूक म्हणजे कौतुकाचा मारा. ज्या मुलाचं स्वतःबद्दल मत खालचं आहे त्याला ‘अप्रतिम! जगात भारी!’ म्हटलं, तर पुढच्या वेळी अवघड काम घ्यायला ते कचरतं, हे एडी ब्रुमेलमान यांच्या 2014 च्या प्रयोगांत दिसलं. तेवढ्या उंचीवर पुन्हा पोचता येईल याची त्याला खात्री नसते. कौतुक खरं आणि नेमकं असू द्या : ‘दुसऱ्या परिच्छेदात तू स्वतःचं उदाहरण दिलंस, त्यामुळे मुद्दा पटला.’ आणि दिसण्याचं कौतुक एका दिवसात बंद करू नका. ते काढून घेतल्यासारखं वाटतं. बाकीच्या प्रकारचं कौतुक वाढवा, दिसण्याच्या कौतुकाचं प्रमाण आपोआप कमी होईल.

मुलाचं ‘सगळं येतं’ हे मात्र फार मनावर घेऊ नका. बाराव्या वर्षी ते चालतं.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी नोकरी गेली. मुलगी कॉलेजात आहे, धाकटा 9 वर्षांचा. ओढाताणीचा मुलांच्या मनावर कायमचा परिणाम होईल का? त्यांना काय सांगावं?

पैसा आणि आत्मसन्मान यांचा संबंध आहे, पण बारीक. जीन ट्वेंगी आणि कीथ कॅम्पबेल यांनी 2002 साली 446 नमुने, म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसांचे आकडे एकत्र केले. सहसंबंध (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) निघाला 0.08. माणसामाणसांतल्या आत्मसन्मानाच्या फरकातला शंभरातला एक हिस्साही त्यातून उलगडत नाही. त्यातही उत्पन्नापेक्षा शिक्षण आणि कामाचं स्वरूप यांचा संबंध जास्त होता. लहान मुलांत तो जवळपास नव्हताच, तरुणपणी वाढत गेला. असं का, हे मॉरिस रोझेनबर्ग आणि लेनर्ड पर्लिन यांनी 1978 सालीच मांडलं होतं : लहान मुलाच्या आसपासची मुलं बहुधा त्याच्याच परिस्थितीतली असतात आणि घरची परिस्थिती ही आपली कमाई किंवा आपला दोष आहे असं त्याला वाटत नाही. मोठ्यांना वाटतं.

म्हणजे धाकट्यापर्यंत ही झळ पोचेल ती तुमच्यामार्फत. अमेरिकेत 1980 च्या दशकातल्या शेती संकटात सापडलेल्या आयोवातल्या कुटुंबांचा रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यात साखळी स्पष्ट दिसली : पैशाची चणचण, त्यातून आईवडिलांचं खचणं, मग आपसांतली भांडणं, मग मुलांवर चिडचिड किंवा त्यांच्याकडे दुर्लक्ष. मुलांचं नुकसान मुख्यतः या शेवटच्या पायऱ्यांवर होतं. चणचण तुमच्या हातात नसेल, त्या पायऱ्या बऱ्याच अंशी आहेत.

धाकट्याला तीन वाक्यं पुरे : काय झालं, काय तसंच राहील, काय बदलेल. ‘बाबांचं काम सध्या थांबलंय. घर, शाळा, जेवण तसंच राहणार. यंदा सहलीला जाता येणार नाही.’ खोटी तारीख देऊ नका. मुलीला आकडे सांगा : फीची सोय कुठवर आहे, पुढे काय पर्याय आहेत. पण रात्री एकटीला गाठून आपली काळजी तिच्यापाशी मोकळी करू नका, त्यासाठी समवयस्क मित्र गाठा. फी थांबली असेल तर कार्यालयात स्वतः जाऊन बोला. ‘बाबांनी सांगितलंय पुढच्या महिन्यात देतो’ हा निरोप मुलांच्या तोंडून जायला नको. तो निरोप खिडकीपाशी, चारचौघांत द्यावा लागतो.

आणि एक काम आज करा. खर्चातल्या कपातीची यादी करून प्रत्येक ओळीपुढे ती कपात कोणाच्या वाट्याची आहे त्याचं नाव लिहा. अशा वेळी मुली न सांगता आपला क्लास सोडतात आणि ‘किती समजूतदार पोर’ म्हणून त्यांचं कौतुकही होतं. यादीत एकच नाव पुन्हापुन्हा येत असेल तर वाटणी बदला.

प्रश्न : मी आणि पती वेगळे झालो आहोत. मुलगा 11 वर्षांचा. ‘अशा घरातल्या मुलांना न्यूनगंड येतो’ असं नातेवाईक ऐकवतात.

नातेवाइकांपेक्षा संशोधन तुमच्या बाजूने बोलतं. पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी 1991 साली 92 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घटस्फोटित आणि एकत्र राहणाऱ्या पालकांच्या मुलांत फरक आढळला, पण लहान. सतत भांडणाऱ्या, तरीही एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची मुलं घटस्फोटितांच्या मुलांपेक्षाही मागे होती.

तेव्हा जपायचं ते भांडणापासून. निरोप मुलामार्फत पाठवू नका. भेटीचे दिवस ठरलेले असू द्या, आणि बदल झाल्यास त्याला निदान आदल्या दिवशी सांगा. ‘अगदी बापावर गेलायस’ हे वाक्य रागात कधीही नको. अकराव्या वर्षी मुलगा आपण पुरुष म्हणून कसे होणार याचा नमुना शोधत असतो, आणि तुम्ही दोषाचं लेबल लावलेला माणूसच त्याच्यासमोर सर्वांत जवळचा नमुना असतो.

प्रश्न : मी शिक्षक आहे. 13 ते 16 वयाच्या विद्यार्थ्यांच्या आत्मसन्मानाची पाहणी करायची आहे. मुलगा-मुलगी आणि पालकांचं शिक्षण, परिस्थिती यांनुसार तुलना करायची आहे. प्रश्नावली कोणती, मुलं किती, आणि काय टाळावं?

सर्वांत वापरलेली प्रश्नावली रोझेनबर्ग यांची, 1965 सालची. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलांसाठी ती तयार झाली. दहा विधानं, पाच सुलट आणि पाच उलट. प्रत्येकाला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे चार पर्याय. 0 ते 3 गुण धरले तर बेरीज 0 ते 30. उलट विधानांचे गुण फिरवून घ्यावे लागतात, आणि इथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात, कारण विधानांचे दोन क्रम प्रचारात आहेत. एकात 2, 5, 6, 8, 9 ही उलट आहेत, दुसऱ्यात 3, 5, 8, 9, 10. दुसऱ्याची गुणतक्त्याची प्रत उचलू नका. आपल्या हातातलं प्रत्येक विधान वाचून ठरवा.

भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावं. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं. मग आठ-दहा मुलांना एकेक विधान वाचून ‘यातून तुला काय कळलं?’ असं विचारावं. स्वतःबद्दल अधिक आदर वाटायला हवा होता, अशा अर्थाचं आठवं विधान त्रास देतं. स्वतःवर खूश असलेला मुलगाही ‘हो, अजून हवाय’ म्हणून सहमती देतो. प्रत्येक विधानाचा बाकी नऊंच्या बेरजेशी सहसंबंध काढा. एखाद्याचा शून्याजवळ किंवा उणे आला तर आधी गुण फिरवले का ते बघा, मग भाषांतराकडे वळा.

पाहणी वर्गशिक्षकाने घेऊ नये. नावं नकोत, मुलं अंतर ठेवून बसलेली असावीत. पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. दहाही विधानांना एकाच रकान्यात खूण करणाऱ्यांचे कागद बाजूला काढा, कारण पाच विधानं उलट असताना तशी उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

परिस्थिती विचारताना उत्पन्न विचारू नका, मुलांना ते ठाऊक नसतं. आईचं आणि वडिलांचं शिक्षण वेगवेगळं विचारा, दोघांचं काम विचारा, घरात स्वतःची खोली आहे का, संगणक किती, असं दिसणारं विचारा. त्यासोबत घरातल्या वागण्याबद्दलही चार-पाच प्रश्न हवेतच : माझं ऐकून घेतलं जातं का, नियम ठरलेले आहेत का, भांडणं किती. ते नसतील तर ‘कमी शिकलेल्यांच्या मुलांत आत्मसन्मान कमी’ एवढंच हाती लागेल आणि तो शिक्का लोकांवर बसेल, कारण मात्र कळणारच नाही.

आता संख्या. समजा 30 मुलगे आणि 30 मुली घेतल्या. मुलग्यांची सरासरी 20.6, मुलींची 19.4, प्रमाण विचलन 5. फरक 1.2 गुणांचा. पण एवढ्या छोट्या गटांत या फरकाची प्रमाण त्रुटीच (नमुना बदलला की फरक साधारण किती हलतो ते माप) सुमारे 1.3 येते, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. 0.2 विचलनाएवढा फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा तर दोन्ही बाजूंना सुमारे 390 जण लागतात. लिंग आणि परिस्थिती यांचा एकत्रित परिणाम तपासायचा तर त्याहून बरेच जास्त. तेवढी मुलं नसतील तर तुलनेचा हट्ट सोडा आणि एकाच वर्गाची सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहणी करा.

आणि फरक खरा निघाला तरी? वरच्या उदाहरणात शंभरातल्या सुमारे 40 मुली मुलग्यांच्या सरासरीच्या वर असतील. अहवालात सरासरीशेजारी हेही लिहा. ‘15 च्या खाली म्हणजे कमी’ असले पट्टे इंटरनेटवर फिरतात. ते निदानासाठी वापरू नका. आत्मसन्मान वाढवला की परीक्षेतले गुण वाढतील असंही लिहू नका. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा त्याला फारसा आधार मिळाला नाही. चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान वाढतो, ही बाजू जास्त भक्कम ठरली. निनावी पाहणीत अडचणीतल्या मुलापर्यंत नंतर पोचता येत नाही, म्हणून मदत कोणाकडे मागायची ते प्रत्येक कागदाच्या तळाशी छापा.

प्रश्न : मी 19 वर्षांचा. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. वर्गात बाकीचे सराईतपणे बोलतात, मला शंका विचारायचीही लाज वाटते. घरी सांगितलं तर बाबा म्हणतात, ‘मुलगा असून रडतोस काय?’ हल्ली स्वतःची किंमत शून्य वाटते.

सराईतपणे बोलणाऱ्यांतल्या अनेकांच्या घरी कोणीतरी आधी कॉलेज करून गेलेलं असतं. अर्ज कसा लिहायचा, प्राध्यापकांना कधी गाठायचं, न समजलेलं कसं विचारायचं हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं. ते ज्यादा हुशार आहेत असं यातून ठरत नाही. ही माहिती आहे आणि माहिती मिळवता येते. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी 2014 साली केलेल्या प्रयोगात पुढच्या वर्षांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी नव्यांशी तासभर गप्पा मारल्या : आपण कुठल्या घरातून आलो, त्यामुळे काय अडलं, त्यावर काय केलं. घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेल्यांच्या आणि इतरांच्या गुणांतली दरी वर्षअखेर 63 टक्क्यांनी कमी झाली. असा एक सीनियर शोध. आपल्याला माहीत नसलेल्या पाच गोष्टी लिहून त्याच्याकडे जा. शंका आधी एका वाक्यात वहीत लिही. पहिल्या दोनदा तास संपल्यावर एकट्याने विचार, तिसऱ्यांदा वर्गात.

बाबांच्या वाक्याचं उत्तर त्याच क्षणी देऊ नकोस. मुलग्यांच्या आत्मसन्मानाची सरासरी थोडी वर असते, याचा अर्थ त्यांना कमी लागतं असा नाही. लागलेलं सांगायची सोय त्यांना कमी असते. मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर यांचं म्हणणं असं की प्रत्येकाचा आत्मसन्मान काही ठरावीक गोष्टींवर बेतलेला असतो. तो ‘खंबीर दिसणं’ आणि ‘पुढे असणं’ या दोनच गोष्टींवर बेतला असेल, तर एका वाईट सत्रात सगळं कोसळल्यासारखं वाटतं. बाबा शांत असताना, एखादं काम सोबत करताना सांग : ‘उपाय नको, दहा मिनिटं फक्त ऐका.’ नाही जमलं तर काका, मावशी, एखादे सर, कोणीही चालेल.

‘किंमत शून्य’ हे मात्र वेगळं बघायला हवं. दोन आठवडे बहुतेक दिवस असंच वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, चिडचिड वाढली असेल, मित्र टाळावेसे वाटत असतील, तर तो नुसता न्यूनगंड नसून नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. कॉलेजचे समुपदेशक किंवा डॉक्टर गाठ. मरणाचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांग आणि एकटा राहू नकोस. पहिल्या भेटीला जाताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून ने : कधीपासून, रोज किती तास झोप, जेवण कसं, आणि मनात येणारा सर्वांत वाईट विचार. बोलायला जमलं नाही तर चिठ्ठी पुढे कर.